एकोणीस तारखेची हजेरी

२ सप्टेंबर

सकाळी ऐक्यदिन समितीचे चिटणीस येऊन गेले. न कळवता. मी केस विंचरत होते, त्यामुळे त्यांना दहा मिनिटं बाहेरच्या खोलीत बसवलं. येण्याआधी फोन करायचा असतो, हे पन्नाशीच्या माणसाला सांगावं लागू नये.

काम असं. यंदा १९ ऑक्टोबरला ऐक्यदिनाला पन्नास वर्षं होतात. समिती चाळीस पानांची पुस्तिका काढणार आहे आणि ती मी लिहावी असा ठराव झाला आहे. "मोठ्या बाई, हा दिवस कसा सुरू झाला, कसकसा साजरा होत आला, हे तुमच्याइतकं गावात कोणाला माहीत आहे?" असं म्हणाले. शाळेत मुली मला मोठ्या बाई म्हणायच्या. चिटणीस कधी आमच्या शाळेत नव्हते, मुलींची शाळा ती. पण नाव गावभर झालंय.

हो म्हटलं. निवृत्तीनंतरच्या तेरा वर्षांत मला कोणी काम सांगितलं नव्हतं.

मुख्याध्यापिका असताना रोज शाळेची नोंदवही लिहायचे. निवृत्त झाले त्या दिवशी ती सवय सोडली, कारण नोंदवावं असं काही घडेना. आता ही वही काढली आहे. कामापुरती.

५ सप्टेंबर

पहिलं प्रकरण लिहिलं.

या दिवसाला तीन नावं मिळाली. पहिली सहा वर्षं 'विजयदिन'. मग सरकार बदललं, 'मुक्तिदिन' झाला. ते नाव चार वर्षंही टिकलं नाही. पुढचं सरकार आलं आणि 'ऐक्यदिन' झाला, तो आजतागायत. शाळेच्या कमानीवरची अक्षरं तीनदा रंगवली. रंगारी आळशी, जुनी अक्षरं न खरवडताच वर रंग दिला. हात फिरवला तर तिन्ही नावं बोटांना लागतात.

सुरुवातीला तोफांची सलामी होती, मशालींची मिरवणूक होती. मग कवायत आणि भाषणं आली. मग टीव्हीवर भाषण आलं आणि लोक घरी बसू लागले. आता चपलांच्या दुकानात ऐक्यदिनाची सवलत असते. यंदा १९ तारीख रविवारी येते, तर खालच्या मजल्यावरचे बँकवाले जिन्यात मला म्हणतात, "सुट्टी फुकट गेली की हो, बाई!" पन्नासावं वर्ष आहे हे त्यांच्या गावीही नाही.

फक्त मिरवणूक टिकली आहे. त्या पहिल्या १९ ऑक्टोबरला सैन्य गावात ज्या वाटेने शिरलं तीच वाट: मैदान, पूल, आणि पुलापलीकडच्या खालच्या आळीतून सरळ कचेरीपर्यंत. पुढे बँड.

पहिला दिवस मी स्वतः पाहिला आहे. एकवीस वर्षांची होते, कॉलेजच्या वसतिगृहात होते. आम्ही मुली पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. ट्रक गेले तशी आम्ही फुलं फेकली. दुपारी तेच ट्रक परत आले, मागे पडदे लावलेले. त्यांच्यावरही फेकली. हा परिच्छेद चांगला उतरला आहे.

९ सप्टेंबर

शाळेच्या दप्तरखान्यात गेले. हल्लीच्या मुख्याध्यापिका वयाने माझ्या मुलीएवढ्या, मला पाहून खुर्चीतून उठल्या. खोलीत धूळ इतकी की पेराल ते उगवेल. हजेरीपटांचे गठ्ठे मी बांधले होते तसेच आहेत, वर्षाच्या क्रमाने. माझ्यानंतर कोणी हात लावलेला नाही, हे एका परीने बरंच.

माझ्या कारकिर्दीतली चोवीस वर्षांची पानं काढली. पहिल्या वर्षी १९ ऑक्टोबरला त्रेचाळीस गैरहजर. सगळ्या खालच्या आळीतल्या. शिक्षण खात्याचं परिपत्रक होतं की सलग दोन वर्षं समारंभाला न आलेल्या विद्यार्थिनीचं नाव पटावरून कमी करावं. आधीच्या मुख्याध्यापिका त्या कागदाची घडी करून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली ठेवायच्या. मी तो काढला, इस्त्री केली आणि सूचनाफलकावर लावला. आदल्या वर्षीच्या पटात अकराच जणींपुढे 'गै' होता, म्हणून अकरा मुलींची दोन वर्षं भरत होती. अकरा नावं कमी केली.

पुढच्या वर्षी हजेरी शंभर टक्के. ३१२ पैकी ३१२. त्याच्या पुढच्या वर्षीही. माझ्या निवृत्तीपर्यंत तेवीस वर्षं एक 'गै' नाही. जिल्ह्यात अशी दुसरी शाळा नव्हती. निरीक्षक दरवर्षी शेऱ्यात लिहायचे. शिस्त एकदाच लावावी लागते, मग ती आपली आपण चालते.

चिटणिसांना फोन करून सांगितलं. ते एकदम खुलले. आणि मग खरं कारण बाहेर पडलं. आळीकरांनी समितीला अर्ज दिला आहे की मिरवणूक त्यांच्या आळीतून दुपारी बारापर्यंत नेऊ नये, कारण ती सकाळ त्यांच्या दुःखाची असते. समितीत चिटणीस धरून नऊ जण, दोन्हीकडे जवळजवळ सारखेच ओढणारे. निर्णय १० तारखेच्या बैठकीत. "बाई, हे दुःखबिःख गेल्या चार-पाच वर्षांतलं खूळ आहे. तुमचं रजिस्टर म्हणजे पुरावा! आळीतल्या पोरी तेवीस वर्षं झेंड्यापुढे हजर होत्या. तेव्हा कुठे गेलं होतं दुःख? तुम्ही बैठकीत दोन शब्द बोला, अर्ज निकालात निघतो."

म्हटलं, बोलेन. जे कागदावर आहे ते बोलायला मला काय हरकत?

१४ सप्टेंबर

रविवार. लेकीचा फोन. पुस्तिकेचं सांगितलं. "बरं आहे, वेळ जाईल," म्हणाली. हजेरीचं सांगितलं तर नुसतं "हं." मग जावयाची पाठ दुखते ते सांगितलं. सहा मिनिटं.

अर्जाची प्रत चिटणिसांनी पाठवली आहे. अजून वाचली नाही. भाषा अशुद्ध असते अशा कागदांची.

१८ सप्टेंबर

पुस्तिकेत फोटो हवेत. दरवर्षी समारंभानंतर सगळ्या शाळेचा फोटो निघायचा, पायऱ्यांवर आणि पायऱ्यांपुढे ओळीने बसवून. निवृत्त होताना मी ते सगळे घरी आणले. शाळेने हरकत घेतली नाही. माझ्या चौथ्या वर्षाचा फोटो सर्वांत स्वच्छ आहे. खाली ओळ लिहायची होती: 'समारंभास उपस्थित ३०५ विद्यार्थिनी'. लिहिण्याआधी मोजून घ्यावं म्हणून भिंग घेतलं.

२६४ भरल्या.

पुन्हा मोजल्या. २६४. शिक्षिका धरून २७५.

मान आखडली. उद्या बघू.

१९ सप्टेंबर

आज पाच फोटो मोजले. प्रत्येक डोक्यावर पेन्सिलीने बारीक ठिपका देत. पट ३१२, फोटोत २७३. पट २९८, फोटोत २६०. पट ३२०, फोटोत २७९. अशाच पुढच्या दोन. तूट अडतीस ते एकेचाळीस. दर वर्षी.

फोटोवाला कडा कापत असणार. त्याला मी कायम सांगायचे की मागे हो, मागे हो.

२३ सप्टेंबर

फोटोवाला कडा कापत नव्हता. दोन्ही कडांना भिंत दिसते.

उन्हाने घेरी आलेल्या मुली वर्गात बसवल्या असतील, असं मनात आलं. पण घेरी आलेल्यांचा आकडा दरवर्षी अडतीस-चाळीस कसा येईल? पायऱ्यांवर जागा पुरली नसेल, हेही पटत नाही. पायऱ्या ऐसपैस आहेत. उलट फोटोत मुली चांगल्या अंतराने बसलेल्या दिसतात. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं. दाटी नाही, ढकलाढकली नाही.

दुपारी पुन्हा दप्तरखान्यात गेले. हजेरी वर्गशिक्षिका घ्यायच्या, प्रत्येकीची शाई वेगळी. १९ ऑक्टोबरच्या रकान्यात बहुतेक 'ह' ज्यांच्या त्यांच्या शाईत आहेत. पण प्रत्येक वर्गात चार-पाच 'ह' जांभळ्या शाईत आहेत. पहिलीपासून दहावीपर्यंत. वळण एकच. जांभळी शाई शाळेत एकाच व्यक्तीकडे होती, धाकट्या बाईंकडे.

यात कुठेतरी पाणी मुरतंय.

२८ सप्टेंबर

रविवार. लेकीचा फोन आला तेव्हा मी तिला सरळ विचारलं. तीही त्याच शाळेत होती, माझ्याच काळात.

पलीकडे नळ चालू होता, तो तिने बंद केला.

"आई, तू हे आत्ता विचारतेस?"

"आत्ता कळलं म्हणून आत्ता विचारते. आळीतल्या मुली यायच्या की नाही?"

"नाही यायच्या. कधीच नाही. अख्ख्या शाळेला माहीत होतं."

"तुलासुद्धा?"

"माझ्या बाकावरची मैत्रीण आळीतलीच होती, आई. आदल्या दिवशी धाकट्या बाई वर्गावर्गात येऊन सांगायच्या की उद्या बसताना हात लांब करून अंतर घ्या, मधे भगदाड दिसता कामा नये. आम्ही त्याची प्रॅक्टिस करायचो."

मी विचारलं, ह्यांना माहीत होतं का? हे जाऊन नऊ वर्षं झाली. संसारात आमच्यात लपवाछपवी नव्हती.

"बाबांना मीच सांगितलं होतं, चौथीत असताना. ते म्हणाले, आईला सांगू नकोस. तिला कळलं तर तिला नावं कमी करावीच लागतील. तिला खोटं जमत नाही, म्हणून आपणच गप्प बसायचं."

"म्हणजे सगळ्यांनी मिळून मला फसवलंत."

"फसवलं नाही गं. सांभाळून घेतलं."

"मला?"

मग म्हणाली की कुकर लावलाय, ठेवते. अकरा मिनिटं झाली होती. एवढा वेळ ती बऱ्याच दिवसांनी बोलली.

३० सप्टेंबर

काही लिहिलं नाही. पुस्तिकेचंही नाही.

चोवीस वर्षं मी त्या शाळेत कोपऱ्यातली टाचणीसुद्धा जागची हलली तर ओळखायचे. असं मला वाटायचं.

१ ऑक्टोबर

अर्ज वाचला. भाषा शुद्ध आहे. अक्षर चांगलं वळणदार, आमच्याच शाळेत गिरवलेलं.

त्यात लिहिलंय की पन्नास वर्षांपूर्वी त्या सकाळी सैनिकांनी आळीतल्या प्रत्येक घरातल्या माणसांना दाराबाहेर काढून पायऱ्यांवर बसवलं. बोलायचं नाही, उठायचं नाही. बारा वाजेपर्यंत पुरुष वेगळे काढले आणि ट्रकांतून नेले. त्रेसष्ट जण. एकही परत आला नाही. तेव्हापासून त्या दिवशी उजाडल्यापासून बारापर्यंत आळीतली सगळी माणसं, पोरंबाळं धरून, आपापल्या पायरीवर बसतात. बोलत नाहीत, उठत नाहीत. 'आणि दरवर्षी त्याच वेळी बँड आमच्या गुडघ्यांना घासून जातो. बँड बंद करा असं आम्ही म्हणत नाही. बारानंतर या, एवढंच म्हणतो.'

मी मिरवणुकीत पुढच्या रांगेत असायचे. दोन्ही बाजूंना पायऱ्यांवर माणसं बसलेली असायची. मला वाटायचं, मिरवणूक बघायला बसली आहेत. त्यांतल्या मुली गणवेशात नसायच्या, मी एकीचाही चेहरा ओळखला नाही. एका वर्षी तर मी हात हलवला होता.

४ ऑक्टोबर

धाकट्या बाईंना भेटून आले. त्या माझ्या हाताखाली उपमुख्याध्यापिका होत्या, म्हणून धाकट्या. वयाने माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठ्या. पाच वर्षांपासून वृद्धाश्रमात आहेत, बसने चाळीस मिनिटं. मी याआधी गेले नव्हते. वेळ होता, पण बोलावणं नव्हतं.

खोली दोघींची. दुसऱ्या आजींना ऐकू येत नसल्याने बोलायला मोकळीक. धाकट्या बाई खिडकीशी शब्दकोडं सोडवत होत्या, जांभळ्या पेनाने.

मला बघून म्हणाल्या, "अरे देवा, इन्स्पेक्शन!"

मी बसले आणि विषयालाच हात घातला. "तुम्ही तेवीस वर्षं खोटी हजेरी लावलीत."

"बावीस. एका वर्षी मी बाळंतपणाच्या रजेवर होते. तेव्हा गणिताच्या बाईंनी लावली. माझं पेन देऊन गेले होते त्यांना."

"तुम्हाला याची लाज वाटत नाही?"

"हात दुखायचा, लाज नाही वाटली. चाळीस 'ह' काढायचे म्हणजे काय!" मग हसू आवरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्हाला आठवतं, दर १९ तारखेला मी सकाळी ऑफिसात यायचे, वार्षिक अहवालाचा मसुदा घेऊन? त्यात मुद्दाम पाच-सहा चुका पेरलेल्या असायच्या. तुम्हाला चूक दिसली की तुम्ही तिच्यामागे लागायचात. तेवढ्यात आम्ही मैदानावर रांगा लावून घ्यायचो."

मला त्या चुका आठवतात. 'धाकट्या बाई एरवी हुशार, पण ऐन समारंभाच्या दिवशी गडबडतात' असं मी त्यांच्या गोपनीय अहवालात लिहिलंय. एकदा नव्हे, अनेकदा. हे त्यांना सांगितलं नाही.

"मला विश्वासात का घेतलं नाही?"

"घेणार होते. पहिल्या वर्षी, अकरा नावं कमी झाली त्या संध्याकाळी, मी तुमच्या घरापर्यंत आले होते. तुम्ही दारातच मला परिपत्रक वाचून दाखवलंत. पाठ होतं तुम्हाला. मी तशीच मागे फिरले. मग ठरवलं, ह्या बाईशी भांडायचं नाही, हिच्या नकळत करायचं."

मी सांगितलं की १० तारखेला बैठक आहे, रजिस्टर पुरावा म्हणून मागितलं आहे. खरं सांगायचं तर तुमचं नाव येईल. खोटी हजेरी लावणारी म्हणून गावात बोभाटा होईल. आणि माझं...

"तुमचं काय?"

"माझी तेवीस वर्षं."

त्यांनी शब्दकोडं मिटून बाजूला ठेवलं. "माझं नाव खुशाल घ्या. आता मला कोण शाळेतून काढतंय? पण मोठ्या बाई, सांगणारच असाल तर त्या अकरा जणींचंही सांगा. अर्धं नको."

म्हटलं, ते परिपत्रकाप्रमाणे होतं.

"हो. कमी करण्याचे शेरे मीच लिहिले, तुमच्या सांगण्यावरून. म्हणून म्हणते."

निघताना त्यांनी विचारलं, पुन्हा याल का? मी म्हटलं, बसचं वेळापत्रक बघून कळवते. बाहेर आल्यावर वाटलं की 'येईन' म्हणायला हवं होतं. पण तोवर बस आली.

८ ऑक्टोबर

अकरा नावं उतरवून काढली. एक नववीतली होती, वर्गात पहिली. एका आडनावाच्या दोघी बहिणी, पाचवी आणि सातवी. नावापुढे शेरा: 'परिपत्रकान्वये कमी'. खाली माझी सही. सही फार ठसठशीत आहे.

त्या पुढे कुठल्या शाळेत गेल्या, याची नोंद कुठेच नाही. दाखला मागायला कोणी आलं नाही. मी तेव्हा त्याचा अर्थ असा घेतला होता की पालकांना शिक्षणाची आस्था नाही.

१० ऑक्टोबर

बैठक पाच वाजता. नऊ जण, एक लांब टेबल, चहा. चिटणिसांनी माझी ओळख करून देताना 'शिस्तीचा मानदंड' असा शब्द वापरला. आळीतर्फे कोणाला बोलावलेलं नव्हतं.

मी उभी राहून आधी अर्ज वाचला, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. चिटणीस म्हणाले, "बाई, तो सगळ्यांना वाटलाय." मी म्हटलं, "वाटलाय. वाचलाय कोणी?" कोणी हात वर केला नाही.

मग फोटो आणि रजिस्टर शेजारी ठेवलं आणि सांगितलं. हजेरी खोटी आहे. आळीतली एकही मुलगी तेवीस वर्षांत एकदाही समारंभाला आली नाही. शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांनी ते झाकलं. त्याला कारण मी, कारण पहिल्या वर्षी मी अकरा मुलींची नावं कमी केली. ती अकरा नावं वाचली. हे खूळ चार-पाच वर्षांतलं नाही, पन्नास वर्षांचं आहे. ते मला दिसलं नाही, कारण मला दिसेल अशा जागी कोणी ते ठेवलं नाही.

माझा आवाज नेहमीसारखाच होता.

चिटणीस म्हणाले, "बाई, आता हे सगळं उकरून काढून काय साधणार? तुमचंच नाव खराब होतंय."

"माझ्या नावाचं मी बघते. तुम्ही अर्जाचं बघा."

निवृत्त स्टेशनमास्तर म्हणाले, "म्हणजे या बाईंचे अहवाल आम्ही भाषणांतून वाचत होतो, ते सगळे बनावट?" मी म्हटलं, "हो." "आणि तुम्हाला पत्ता नव्हता?" "नव्हता." त्यावर कोपऱ्यातून कोणीतरी हसलं. मी मान वळवून बघितलं नाही.

मग मला बाहेर बसायला सांगितलं. बाकावर पाऊण तास बसले. बाहेर आल्यावर चिटणीस एवढंच म्हणाले की निर्णय लेखी कळवू. चहा मी प्यायलेच नव्हते.

१२ ऑक्टोबर

रविवार. फोन आला नाही. मीच केला. जावयाने उचलला. ती बाजारात गेली होती. बैठकीचं त्याला सांगितलं, तर म्हणाला, "हो, तिला कळलंय. मैत्रिणीचा फोन आला होता." कोणत्या मैत्रिणीचा ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी चार ते सात नुसती बसून होते. घड्याळाकडे तीनदा बघितलं. एरवी मी असं बसत नाही.

१४ ऑक्टोबर

दोन पत्रं आली.

पहिलं जाहीर निवेदन: 'पुलाच्या डागडुजीच्या कारणास्तव यंदा मिरवणूक दुपारी साडेबारानंतर खालच्या आळीतून मार्गस्थ होईल.' पुलाची डागडुजी! पूल मी काल पाहिला, त्याला काहीही झालेलं नाही. पाच विरुद्ध चार मतांनी झालं म्हणतात. आळीचं नाव नाही, अर्जाचं नाही, पन्नास वर्षांचं नाही. तरी बारानंतर. एवढंच त्यांनी मागितलं होतं.

दुसरं मला: पुस्तिकेचं काम समितीने 'वेळेअभावी' दुसऱ्याकडे सोपवलं आहे, माझी टिपणं परत करावीत. मी टिपणं पाठवून दिली. फुलांचा परिच्छेद काढून घेतला.

समारंभाचं निमंत्रण यंदा आलं नाही. माझी खुर्ची दरवर्षी व्यासपीठावर डावीकडून तिसरी असायची.

१९ ऑक्टोबर

पन्नास वर्षांत पहिल्यांदा मैदानावर गेले नाही. सकाळी सवयीने कडक इस्त्रीचे कपडे घातले होते. तयार होऊन बसल्यावर कळलं की जायचं कुठेच नाही. लेकीला फोन लावला, तिने उचलला नाही. या दिवशी सकाळी ती कधीच फोन उचलत नाही. मला वाटायचं, सुट्टी आहे म्हणून झोपली असेल.

साडेनऊला निघाले. ठरवलं होतं की आळीतून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि मागच्या रस्त्याने परत यायचं. कोणाशी बोलायचं नाही. मिरवणुकीशिवाय ती आळी मी कधी पाहिलीच नव्हती.

पूल धडधाकट. पलीकडे एकदम शांत. आळी अरुंद, दोन्ही बाजूंना घरं, प्रत्येक दाराला दोन-तीन पायऱ्या. सगळी दारं सताड उघडी आणि पायऱ्यांवर माणसं. म्हातारी माणसं, बाप्ये, बायका, मांडीवर पोरं. कोणी पेपर वाचत नव्हतं, कोणी फोनमध्ये बघत नव्हतं. एक तान्हं रडत होतं, तेवढाच आवाज. माझ्या चपलांचा आवाज मला नको झाला.

मध्यावर आले असेन. डावीकडच्या पायरीवर चष्मा लावलेली, पंचेचाळिशीची एक बाई होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि ती उठून उभी राहिली.

वर्गाचं दार उघडल्यावर मुली उभ्या राहतात तशी. हात बाजूला, पाठ ताठ.

मग समोरच्या पायरीवरची उठली. मग तिच्या शेजारची. एकीच्या मांडीवर नातू की मुलगा झोपला होता, ती त्याला खांद्यावर घेऊन उठली. पुढच्या दारातली, त्याच्या पुढच्या दारातली. तिशीच्या, चाळिशीच्या, दोघी-तिघी पन्नाशीच्याही. नऊ-दहा जणी मी मोजल्या, मग मोजणं सोडलं. नाव एकीचंही आठवेना. बाकीची माणसं बसल्या जागेवरून आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागली. एका म्हातारीने आपल्या लेकीचा हात धरून खाली ओढलं, पण लेक बसेना. कोणी काही बोललं नाही. बोलायचं नसतंच.

उठायचंही नसतं. मला माहीत होतं. बैठकीत मीच ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

"बसा," मी म्हटलं.

त्या अख्ख्या सकाळी आळीत तेवढा एकच शब्द झाला असेल, आणि तोही माझ्या तोंडचा.

त्या बसल्या. सगळ्या एकदम.

पुढे जावं तर पुढच्या पायऱ्यांवरही कोणी ना कोणी असणार. मागे फिरावं तर ह्याच पुन्हा उठणार. सव्वादहा होत होते. कोणी सरकून जागा केली नाही, आणि मी मागितली नाही. मी हलले नाही. आळीच्या मधोमध तशीच उभी राहिले, बारा वाजेपर्यंत.